केएक्स १०० च्या गिअरबॉक्समध्ये कुठलं ऑइल? नव्वद नंबर, इंजिन ऑइल की एटीएफ?

काळाचौकी

नमस्कार मंडळी,

पुतण्यासाठी सेकंडहँड कावासाकी केएक्स १०० घेतलीय. टू-स्ट्रोक डर्ट बाइक, पासिंग नसलेली, त्यामुळे मुंबईत रस्त्यावर काढायचा प्रश्नच नाही. छोटा हत्तीत घालून कर्जतला मित्राच्या शेडमध्ये नेऊन ठेवली, त्याच्याच जागेत पोरगा फिरवतो. विकणाऱ्याने मॅन्युअल दिलं नाही. दिलं काय, तर पेट्रोलात मिसळायचं टू-टी आणि लेबल पुसलेला अर्धा कॅन, "हे गिअरचं" म्हणून. तो कॅन मी वापरणार नाही, एवढं नक्की.

आता नवीन ऑइल टाकायचं तर जितकी तोंडं तितकी मतं. लालबागचा आमचा मेकॅनिक म्हणतो, "गिअर ऑइल म्हणजे नव्वद नंबर, डोळे मिटून टाका." पुतण्या यूट्यूबवर अमेरिकनांचे व्हिडिओ बघून एटीएफचा (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा) हट्ट धरून बसलाय. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानात विचारलं तर त्याने कारचं ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक पुढे केलं, "महाग आहे साहेब, म्हणजे चांगलंच असणार." मला वाटत होतं बाइकचं साधं १०डब्ल्यू-४० टाकावं, पण त्याच्या डब्यावर "४टी", म्हणजे फोर-स्ट्रोक, लिहिलेलं असतं आणि गाडी तर टू-स्ट्रोक.

जाणकारांनी सांगावं. फक्त "मॅन्युअल बघा" एवढंच लिहून पळू नका.

खडखड्या

मॅन्युअल बघा. 😀

बरं, पळत नाही. केएक्सच्या मॅन्युअलची पीडीएफ नेटवर मिळते. कावासाकी तिथे जासो एमए (जपानी मानकाचा शिक्का) असलेलं १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलच सांगते. तुमचा अंदाज बरोबर. धागा संपला.

काळाचौकी

संपला कसा? इंजिनाचं ऑइल गिअरबॉक्सला का चालतं आणि खास गिअरसाठी बनवलेलं का चालत नाही, हे कळल्याशिवाय मेकॅनिकच्या तोंडाला कसा लागू?

धूरवाला

काळाचौकी, रास्त प्रश्न. जरा सविस्तर लिहितो.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन आणि क्रँकला वंगण मिळतं ते पेट्रोलातल्या टू-टीतून. ते जळून धुराबरोबर बाहेर जातं. गिअरबॉक्स हा पलीकडचा वेगळा कप्पा, मध्ये क्रँकचं सील. त्यामुळे गिअरबॉक्सच्या ऑइलचा जळणाशी, काजळीशी संबंध येत नाही. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. विसरतात ते हे, की त्या कप्प्यात गिअरबरोबर क्लचही आहे आणि तो त्याच ऑइलात भिजलेला असतो. वेट क्लच. ऑइलने त्याला थंड ठेवायचं, प्लेटांची झिजलेली भुकटी वाहून न्यायची, आणि तरीही प्लेटा एकमेकींना घट्ट धरतील इतपतच निसरडं राहायचं. लोक ऑइल निवडताना गिअरकडे बघतात. बघायचं क्लचकडे.

आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या फोर-स्ट्रोक बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर तिघांना मिळून एकच ऑइल असतं. म्हणजे "४टी" लिहिलेलं बाइकचं ऑइल मुळात वेट क्लच आणि गिअर धरूनच बनवलेलं आहे. तुमच्या गिअरबॉक्सला त्यातला इंजिनासाठीचा भाग जास्तीचा, पण त्याने बिघडत काही नाही. पेट्रोलात मिसळायचं टू-टी मात्र चुकूनही गिअरबॉक्समध्ये ओतू नका. ते जळण्यासाठी बनवलेलं असतं, गिअरच्या दात्यांखाली चिरडून घेण्यासाठी नव्हे.

आता तुमच्या मेकॅनिकचं. त्याला हसू नका. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा गिअरबॉक्स स्वतंत्र होता आणि तिचा क्लच डावीकडच्या चेनकेसमध्ये, त्याचं ऑइल निराळं. गिअरबॉक्समध्ये निव्वळ गिअर, मग नव्वद नंबर घाला नाहीतर ग्रीस मिसळा, क्लचला पत्ताच नाही. त्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला "गिअर ऑइल म्हणजे नव्वद" हे पाठ असणारच. तिथे ते बरोबरही होतं. तुमच्या केएक्समध्ये क्लच शेजारीच बसलाय, एवढाच फरक त्याला दाखवा. उजवीकडचं कव्हर उघडून दाखवलंत तर एक शब्दही बोलावा लागणार नाही.

ठाणेकरीण

धूरवाला +१. माझी एक्सपल्स आहे, म्हणजे फोर-स्ट्रोक आणि एकच ऑइल. मागच्या पावसाळ्याआधी एका गॅरेजने (नाव राहू दे) न विचारता कारचं ऑइल घातलं. शहरात काही जाणवलं नाही. माळशेजच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये आवाज वाढतोय आणि गाडी पुढे सरकत नाही असं व्हायला लागलं. दोनदा ऑइल बदलून थोडा फरक पडला, शेवटी प्लेटा बदलाव्याच लागल्या. तेव्हा ते सीएसटी रोडवालं ५डब्ल्यू-३० फुकट दिलं तरी घेऊ नका.

रसायनीकर

लुब्रिकंटच्या धंद्यात आहे, रसायनीला. ब्रँडची नावं घेणार नाही, नाहीतर धागा वेगळ्याच वळणावर जायचा.

कारच्या ऑइलमध्ये दोष नसतो, त्याचं काम वेगळं असतं. पातळ ग्रेडच्या कारच्या ऑइलमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात, बऱ्याचदा मॉलिब्डेनमची. डब्याच्या मागच्या गोल शिक्क्यात "एनर्जी कन्झर्व्हिंग" किंवा "रिसोर्स कन्झर्व्हिंग" असं छापलेलं दिसलं की ते बाइकसाठी नाही, इतकं सोपं आहे. कारचा क्लच कोरडा, ऑइलच्या बाहेर असतो, म्हणून तिथे चालतं. ठाणेकरीण यांच्या प्लेटांनी तेच पिऊन घेतलं, म्हणून नुसतं ऑइल बदलून भागलं नाही.

हाच घोळ टाळायला जपानी कंपन्यांनी १९९८ मध्ये जासोचं टी ९०३ हे मानक काढलं. त्यात एमए म्हणजे वेट क्लचला चालणारं, एमबी म्हणजे घर्षण कमी असलेलं. एमबी स्कूटरसाठी, कारण तिथे क्लच कोरडा असतो. २००६ मध्ये एमएचे आणखी दोन भाग केले, एमए१ आणि एमए२. एमए२ मध्ये क्लचची पकड सर्वांत जास्त. डर्ट बाइकवर सारखा अर्धा क्लच दाबून चालवतात, त्यामुळे एमए२ मिळत असेल तर तेच घ्या. दुकानात मात्र डोळे उघडे ठेवा. स्कूटरचं एमबी आणि बाइकचं एमए एकाच कंपनीचं, एकाच रंगाच्या बाटलीत, एकाच फळीवर असतं.

आता नव्वद नंबरचा गैरसमज. बहुतेकांना वाटतं नव्वद म्हणजे चाळीसच्या दुपटीहून जाड. तसं नाही, दोन्हींच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला इंजिन ऑइलच्या ४० ग्रेडची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. गिअर ऑइलची ९० ग्रेड त्याच तापमानाला १३.५ ते १८.५, आणि ८५ ग्रेड ११ ते १३.५. म्हणजे गिअरचं नव्वद इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच येतं. गरम झाल्यावरचा जाडपणा हा खरा वांधा नाहीच.

वांधा आहे तो आत काय मिसळलंय याचा. नव्वद नंबर म्हणून दुकानात जे मिळतं ते बहुतेक ईपी ९०, म्हणजे जास्त दाबासाठीचं, जीएल-४ किंवा जीएल-५ दर्जाचं. त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं असतात. जीएल-५ तर ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये दाते एकमेकांवर घसरत फिरतात तिथल्यासाठी. ती द्रव्यं दात्यांवर थर धरतात, दात्यांना वाचवतात. तोच थर क्लचच्या प्लेटांवर धरला तर पकड गेली. शिवाय हे गंधक तापल्यावर पितळ आणि ब्राँझच्या बुशांना खाऊ शकतं. वास घेतलात तर उग्र, सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा. तुमच्या त्या लेबल पुसलेल्या कॅनचा वास घेऊन बघा.

काळाचौकी

वास घेतला. नको तेच आहे.

पनवेल_बायपास

पण मग डर्ट बाइकवाल्या कंपन्यांचं "८०डब्ल्यू ट्रान्समिशन ऑइल" बाहेरून मागवतात ते? तेही गिअर ऑइलच ना?

रसायनीकर

ते वेगळं. नंबर गिअरच्या मोजपट्टीवरचा असला तरी आतली द्रव्यं वेट क्लच धरून घातलेली असतात, आणि बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. चांगलं असतं, खुशाल वापरा. पण कर्जतच्या शेडमध्ये हौसेने फिरणाऱ्या गाडीला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही. किमतीतला फरक दोनदा जास्त ऑइल बदलण्यात घालवा, गाडीचं जास्त भलं होईल.

खडखड्या

एटीएफवर कुणीच बोलत नाही. पुतण्याची बाजू मी घेतो. अमेरिकेत कित्येक जुने मोटोक्रॉसवाले टू-स्ट्रोकमध्ये एटीएफच टाकतात. वेडे नाहीत ते.

धूरवाला

वेडे नाहीत, मान्य. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइलात भिजलेले क्लचच असतात, त्यामुळे एटीएफ वेट क्लचसाठी परकं नाही. पातळ असल्याने क्लच पटकन सुटतो, गिअर हलके पडतात, आणि तिकडे ते स्वस्त, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. त्यांचा लाडका असतो तो फोर्डचा जुना टाइप एफ, ज्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं नव्हती. आपल्याकडे एटीएफ म्हणून जे सहज हाती लागतं ते बहुधा डेक्सरॉन जातीचं, आणि त्यात गिअर मऊ पडावेत म्हणून ती द्रव्यं असतात. नाव एक, माल दुसरा.

दुसरं, रेस करणारा माणूस दर एक-दोन रेसनंतर ऑइल फेकतो. एटीएफचा थर पातळ, गिअरच्या दात्यांना त्याचा आधार कमी. रोज फेकणाऱ्याला चालतं. पुतण्या ऑइल कधी बदलतो ते तुम्हाला ठाऊक.

काळाचौकी

पुतण्याला वाचून दाखवलं. "बघू" म्हणाला. म्हणजे हरला.

आगरी_बाणा

तुम्ही सगळे ग्रेडवर भांडताय, पाण्याचं कुणी बोलतच नाही. कर्जतला गाडी आहे ना? पावसाळ्यात ओढ्यात घालणार ना पोरगा? मग तुम्ही सोन्याचं ऑइल टाका, पाणी गेलं की संपलं.

पाणी आत कसं जातं ते सांगतो, कारण बरेच जण सीलला दोष देतात. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला ब्रीदरची बारीक नळी असते. गाडी तापलेली असते, आतली हवाही तापलेली. तशीच ओढ्यात घातली की केस झटकन थंड होते, आतली हवा आकसते आणि नळीतून बाहेरचं खेचून घेते. नळीचं तोंड पाण्यात असेल तर पाणीच खेचणार. उपाय फुकटातला: नळी लांब करून टाकीखाली किंवा एअरबॉक्सजवळ वर नेऊन बांधा, तोंड खाली वळवा. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या गाड्यांना केलंय.

ओढा झाल्यावर तेलाच्या काचेतून बघा, काच नसेल तर फिलर कॅप उघडून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी काढा. "उद्या बघू" म्हणालात तर बेअरिंगला गंज धरतो. एकदा काढून स्वस्तातलं एमए ऑइल टाका, पाच-दहा मिनिटं गाडी चालवा, तेही काढा, मग चांगलं टाका. एका बदलात सगळं पाणी निघत नाही.

रसायनीकर

आगरी_बाणा यांना दंडवत. एक भर घालतो. ओढ्यात न जाता ऑइल दुधाळ झालं तर ब्रीदरला दोष देऊ नका, वॉटर पंपचं सील बघा. केएक्स १०० लिक्विड कूल्ड आहे, पंपाचं सील गेलं की कूलंट गिअरबॉक्समध्ये उतरतं. रेडिएटरची पातळी कमी होतेय का बघितलं की लगेच कळतं.

आणि उलटी बाजू. गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय, पण खाली शेडच्या लादीवर थेंब नाही, आणि गाडी पांढरा धूर जास्त काढतेय, प्लग ओला तेलकट होतोय. तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितंय. टू-स्ट्रोकमध्ये धूर नेहमीचाच म्हणून लोक दुर्लक्ष करतात. म्हणून ऑइल काढताना किती निघालं ते मापून ठेवा. जेवढं टाकलं त्यापेक्षा बरंच कमी निघालं तर ते गेलं कुठे, हा प्रश्न विचारायचा.

परळ_भोईवाडा

अवांतर: आरएक्स १०० ला हेच सगळं लागू. कारखान्यातून १९९६ ला बंद झाली तरी अजून मातीतल्या शर्यतींत लोक आरएक्स पळवतात, आणि तिथेही कुणी ना कुणी नव्वद नंबर घेऊन उभा असतोच. क्लच घसरला की मग कार्ब्युरेटर उघडतात, जेट बदलतात. दुखतंय पोट आणि बाम चोळतात कपाळाला.

ठाणेकरीण

एक विचारायचं होतं. केटीएमच्या मोठ्या टू-स्ट्रोक एंड्युरोला १५डब्ल्यू-५० सांगतात, जुन्या ४११ हिमालयनलाही १५डब्ल्यू-५० सांगायचे. मग केएक्सला १०डब्ल्यू-४० च का? आपल्याकडची गरमी बघता पन्नास बरं नाही का? माझा भाऊ २०डब्ल्यू-५० टाका म्हणतो.

रसायनीकर

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. कर्जतला डिसेंबरच्या पहाटेसुद्धा १० आणि १५ मधला फरक गाडीला कळणार नाही, त्यावर झोप उडवू नका. नंतरचा आकडा महत्त्वाचा. मोठ्या एंड्युरोचा क्लच मोठा, गिअरवर जोर जास्त, आणि कंपनीने तिच्या आतल्या फटी धरून ५० सांगितलंय. छोट्या केएक्समध्ये जाड ऑइल घातलंत तर प्लेटा एकमेकींपासून नीट सुटत नाहीत. क्लच दाबला तरी गाडी पुढे ओढते, न्यूट्रल सापडत नाही, पहिल्या गिअरला ठक्क आवाज. लोक याला गिअरबॉक्सचा दोष समजतात. कारण नसताना कंपनीच्या आकड्यापासून हलू नका.

थोडक्यात ओळखायची खूण: क्लच सोडला तरी घसरतोय तर ऑइल फार निसरडं, नाहीतर प्लेटा संपल्या. क्लच दाबला तरी ओढतोय तर ऑइल जाड किंवा जास्त भरलंय, नाहीतर केबल सैल.

पनवेल_बायपास

सिंथेटिक की मिनरल? इथे मारामारी व्हायलाच पाहिजे, त्याशिवाय हा मराठी धागा कसला.

धूरवाला

नाही होणार. 😀 टू-स्ट्रोकच्या गिअरबॉक्समध्ये सिंथेटिकचा खरा फायदा म्हणजे गिअरच्या दात्यांखाली चिरडून ऑइल पातळ होणं उशिरा सुरू होतं. १०डब्ल्यू-४० मध्ये जाडी टिकवायला लांब साखळीचे पॉलिमर घालतात, गिअर ते तोडतात आणि काही काळाने चाळीसचं तीस होतं. सिंथेटिकमध्ये हे पॉलिमर कमी लागतात. पण ऑइल एक लिटरच्या आतच, त्यात क्लचची भुकटी येणारच, आणि ती सिंथेटिकलाही आवरत नाही. म्हणून माझं मत, ब्रँडेड सेमी सिंथेटिक एमए२ घ्या आणि लवकर लवकर बदला. महाग ऑइल टाकून वर्षभर न बघणारे पाहिलेत, त्यांचं ऑइल काढलं की काळं वंगण आणि तळाला गाळ.

आणि सीलबंद घ्या. सुटं, ड्रममधून काढून दिलेलं नको. बाटलीचं सील फुटलेलं असेल तर परत द्या. रिकाम्या झालेल्या बाटल्या फेकताना बुडाला खिळ्याने भोक पाडा, परत भरून विकायला नको.

आगरी_बाणा

वापरलेलं ऑइल गटारात ओतू नका हेही सांगून ठेवतो. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात येतं. कॅनमध्ये साठवा, मोठ्या गॅरेजकडे नेणारा माणूस येतो, त्याला द्या. मिठी आणि उल्हास नद्यांत आधीच काय कमी आहे.

काळाचौकी

रविवारी जाऊन आलो. १०डब्ल्यू-४० एमए२ सेमी सिंथेटिक घेतलं, दादरला मिळालं. आधी गाडी पाच मिनिटं चालवून गरम केली, मग ड्रेन बोल्ट काढला. निघालं ते राखाडी, चकचकीत, दुधाळ नाही. बोल्टच्या टोकाला चुंबक आहे, त्यावर बारीक राखाडी लव होती, बोटावर चोळली तर टोचत नव्हती. काळजीचं काही? वॉशर जुनाच लावला.

मेकॅनिकलाही नेलं होतं. कव्हर उघडून क्लच बघितला, काही बोलला नाही, खिशातून तंबाखू काढली.

रसायनीकर

बारीक लव ठीक आहे, ती प्रत्येक गिअरबॉक्समध्ये असते. टोचणारे कण, पापुद्रे, दात्याचा तुकडा दिसला तर मग उघडायचं. चकचकीत राखाडी रंग क्लचच्या प्लेटांमधल्या ॲल्युमिनियमच्या भुकटीचाही असतो, बास्केटला (प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याला) खाचा पडल्यात का एकदा बघून घ्या. वॉशर पुढच्या वेळी नवीन लावा, चेपलेला वॉशर गळतो, आणि गळतोय म्हणून लोक बोल्ट आणखी आवळतात, मग केसचे आटे जातात.

जुनं ऑइल कुठलं होतं ठाऊक नाही आणि थोडं आत राहतंच, तेव्हा हे नवीन पूर्ण मुदतीपर्यंत वापरू नका. पुतण्याने दोन-तीनदा चालवली की काढून टाका. दुसरं भरल्यावर मग नेहमीचं चक्र.

काळाचौकी

बास्केटला खाचा आहेत, नखाला लागतील एवढ्या. फ्रिक्शन प्लेटाही मापाला उतरल्यात असं मेकॅनिक म्हणतोय. नवीन प्लेटा मागवल्या तर थेट बसवायच्या का?

धूरवाला

थेट कोरड्या नाही. जे ऑइल भरणार आहात त्याच ऑइलात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी बसवा. खाचा नखालाच लागत असतील तर सपाट कानस घेऊन दोन्ही बाजूंनी सारख्या घासता येतात, फार खोल असतील तर बास्केट बदला. कानस मारल्यावर सगळा चुरा पुसून काढा, नाहीतर तो तुमच्या नव्या एमए२ मध्येच जाणार.